१६ हजारांचा कृषी सेवक की ३० हजारांची कंपनी? दारव्ह्याच्या भावाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दारव्हा तालुक्यातले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री, वय २५. अमरावती विभागात कृषी सेवक म्हणून निवड झाली आहे, तीन वर्षं दरमहा १६,००० मानधन. त्याच आठवड्यात एका कीटकनाशक कंपनीचं पत्र आलं: वणीला फील्ड ऑफिसर, वर्षाला ३ लाख ६० हजारांचं पॅकेज, गाडीला किलोमीटरमागे ३ रुपये. घरी पाच एकर कोरडवाहू. वडिलांवर सोसायटीचं पीककर्ज आणि वर सावकाराचे एक लाख, महिना तीन टक्क्यांनी. आईवडील म्हणतात सरकारी सोडू नको. मित्र म्हणतात, १६ हजारात काय होते बे?

मी आधी बियाणं-औषधांच्या कंपनीत फिरतीवर होतो, आता बरीच वर्षं कृषी विभागात आहे. दोन्हीकडची पगारपत्रकं आणि दोन्हीकडची उन्हं पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

तुम्ही विचारलंय, जास्त पैसा कुठे. त्याचं उत्तर पाच मिनिटांत निघतं आणि ते खाली देतोच. तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. चौथ्या वर्षापासून सरकारी नोकरी पुढे जाणार हे तुम्हालाही दिसतंय, पण तोवरची तीन वर्षं घर कसं तगवायचं, हे कळत नाहीये. त्यामुळे हिशेब तिथूनच करू.

पहिल्यांदा कंपनीचं पत्र उघडा. ३ लाख ६० हजार भागिले बारा म्हणजे ३० हजार, असा हिशेब घरी सांगितला असेल तर तो थांबवा. पॅकेज म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे त्यातले ५४,००० 'व्हेरिएबल' आहेत, म्हणजे टार्गेट झालं तर. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा महिन्याला १,८०० प्रमाणे २१,६००. ग्रॅच्युइटीची तरतूद साडेआठ हजारांच्या वर, गटविम्याचा हप्ता ६,०००. हे सगळं बाजूला काढलं की महिन्याला साधारण साडेबावीस हजार उरतात. त्यातून तुमच्या स्वतःच्या पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले. हातात साडेवीस हजार. पगार २१,००० च्या वर असल्याने ईएसआयसीतही (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात) तुम्ही बसत नाही, म्हणजे दवाखाना कंपनीच्या विम्यावर. त्या विम्यात आईवडील आहेत का, एवढं तरी विचारून घ्या.

किलोमीटरचे ३ रुपये ऐकायला बरे वाटतात. वणी, मारेगाव, झरी असा पट्टा दिला तर रोजचे ८०-१०० किलोमीटर सहज होतात. शंभरीच्या पुढे गेलेलं पेट्रोल आणि लिटरला ४५ चं ॲव्हरेज धरलं, तर नुसतं पेट्रोलच किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये खातं. उरलेल्यात टायर, चेन-स्प्रॉकेट, ऑइल आणि गाडीची झीज. म्हणजे ना नफा ना तोटा. पण पेट्रोल आज खिशातून जातं आणि बिल पास व्हायला महिना-दीड महिना लागतो. सकाळी निघताना मीटरचा फोटो, रात्री परत आल्यावर मीटरचा फोटो, दिवसभर फोनमधलं ॲप तुम्ही कुठे आहात ते सांगत असतं. एखाद्या दिवशी नेटवर्क गेलं आणि फोटो चढला नाही, तर त्या दिवसाचे किलोमीटर कापले जातात. ते परत मिळवायला ईमेल करत बसावं लागतं. त्यामुळे पहिल्या महिन्याआधी गाठीशी आठ-दहा हजार रोकड लागेल, ती कुठून आणणार ते ठरवून ठेवा.

वणीत खोली आणि मेस मिळून सात हजार धरा. साडेवीसमधून सात गेले, साडेतेरा हजार घरी पाठवता येतील.

आता कृषी सेवक. १६,००० मधून २०० व्यवसाय कर. मानधन असल्याने महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, वार्षिक वेतनवाढ नाही. रोज चाळीसेक किलोमीटर फिरणं होईल, ते पेट्रोल तुमच्याच खिशातून, महिन्याला अडीच हजारांच्या आत. खोली-मेस थोडी स्वस्त जागी मिळाली तर साडेसहा हजार. उरतात सात हजारांच्या आसपास. दोन्हींतला फरक महिन्याला साडेसहा हजार, तीन वर्षांचे २ लाख ३४ हजार. ही सरकारी नोकरीची खरी किंमत, आणि ती तुमच्या घराला आत्ताच मोजावी लागणार आहे. ती लहान आहे असं मी म्हणणार नाही.

व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर हा फरक महिन्याला ११ हजारांपर्यंत जातो. पण जूनमध्ये पावसाने दडी मारली की पेरणी मागे, फवारणी मागे, आणि कृषी केंद्रवाला माल उचलत नाही. कोरडवाहू पट्ट्यात व्हेरिएबल पावसावर असतं. तुमच्या वडिलांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीही त्याच पावसावर आहे. घरात पीक गेलेल्या वर्षीच तुमचा इन्सेन्टिव्हही जाणार. दोन्ही उत्पन्नं एकाच ढगाला बांधलेली असणं, हे मला या नोकरीतलं सगळ्यांत मोठं जोखमीचं कलम वाटतं आणि पॅकेज पाहताना कोणीच ते मोजत नाही.

चौथ्या वर्षी काय होतं ते आता पाहा. तीन वर्षं समाधानकारक झाली की कृषी सहायक म्हणून नियमित वेतनश्रेणी, २५,५०० ते ८१,१००. (पदनाम आता 'सहायक कृषी अधिकारी' झालंय, गावात मात्र अजून सगळे कृषी सहायकच म्हणतात.) मूळ वेतन २५,५००. राज्याचा महागाई भत्ता जानेवारी २०२५ पासून ५५ टक्के झाला होता, तोच धरला तर १४,०२५. ग्रामीण भागाचं घरभाडं १० टक्के म्हणजे २,५५०. एकूण ४२,०७५. यातून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मूळ आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे ३,९५० च्या जवळपास कापले जातात. शासन आपले १४ टक्के, म्हणजे साडेपाच हजार, वरून टाकतं. व्यवसाय कर आणि गटविमा गेल्यावर हातात साडेसदतीस हजारांच्या आसपास. कंपनीत दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली असं धरलं, तरी तुम्ही चौथ्या वर्षी हातात २६ हजारांवर असाल. फरक साडेअकरा हजारांचा, उलट्या बाजूने. सरकारीत पेट्रोल बहुतांशी खिशातलंच राहतं, ते वजा केलं तरी तीन वर्षांत सोडलेले पैसे पुढच्या दोन-अडीच वर्षांत भरून निघतात. त्यानंतर दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ, बढती नाही मिळाली तरी १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगतीचा लाभ (म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी), आणि दहाएक वर्षांनी वेतन आयोग. आयोग उशिरा येतो हेही ध्यानात ठेवा: सातवा राज्यात २०१९ ला लागू झाला, तो २०१६ पासूनचा, आणि थकबाकी पाच हप्त्यांत मिळाली.

म्हातारपणाचा फरक तर आणखी मोठा. कंपनीच्या पीएफमधून १,२५० रुपये कर्मचारी पेन्शनमध्ये जातात. सलग तेहतीस वर्षं नोकरी केली तरी आजच्या १५,००० च्या मर्यादेवर ते पेन्शन साडेसात हजारांच्या आसपास बसतं. सरकारीत जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ नंतरच्यांना नाही, हे खरं. पण केंद्राच्या धर्तीवरच्या एकीकृत निवृत्तिवेतनाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. मधेच काही बरंवाईट झालं तर कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदानही (ग्रॅच्युइटी) आहे. कोरडवाहू शेतीवरच्या घराला याची किंमत मी सांगायची गरज नाही.

पैशाचं इथवर. कामाचं सांगतो, कारण तिथे तुम्ही दोन्हीकडे चुकीच्या कल्पना घेऊन बसला आहात. तुम्ही लिहिलंय, 'सरकारीत निदान निवांतपणा आहे.' कृषी सहायकाला निवांतपणा नाही भाऊ. सात-आठ गावं, कुठे त्याहून जास्त. महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवरचे अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, पीएम किसानचं ई-केवायसी, पीक कापणी प्रयोग, शेतीशाळा, रोजगार हमीतली फळबाग, आणि प्रत्येकाचा रोजचा अहवाल व्हॉट्सॲपवर. गावात बसायला धड जागा नसते. पाच दिवसांचा आठवडा २०२० पासून आहे, पण अतिवृष्टी झाली की तो कागदावर राहतो.

पंचनाम्याचा एक दिवस सांगतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, महसूल मंडळ अतिवृष्टीत गेलं, तहसीलचा आदेश आला. तलाठी, ग्रामसेवक आणि तुम्ही, तिघांनी मिळून करायचं. काळ्या जमिनीत गाडीच्या चाकाला आणि मडगार्डला एवढा गारा भरतो की चाक फिरत नाही. काडीने उकरून काढायचा, चार पावलं ढकलायची, परत उकरायचा. शेवटी गाडी रस्त्यावर सोडून धुऱ्याधुऱ्याने पायी. फोटो वावरातूनच चढला पाहिजे आणि नेटवर्क तिथेच नसतं. सोयाबीन पाण्यात उभं असलेला माणूस विचारतो, 'साहेब, काऊन बाजूच्याचं नाव आलं अन् माहं नाही?' त्याला उत्तर द्यायचं असतं आणि तुमच्या हातात नियमाशिवाय काही नसतं. संध्याकाळी ग्रामपंचायतीत यादी वाचली की पुन्हा तेच. ज्याला हे ऐकून घेणं झेपत नाही, त्याने या खात्यात येऊ नये, पगार कितीही असो.

कंपनीतलं ओझं वेगळं. एप्रिल-मेमध्ये माल दुकानात लावायचा, जून ते सप्टेंबर विक्री, आणि दिवाळीपासून वसुली. विकण्यापेक्षा वसुली जड. महिनाअखेर आकडा भरायचा म्हणून वरून दबाव येतो: दुकानदाराच्या नावावर बिल फाडा, माल नंतर बघू. तो माल विकला नाही की परत येतो, आणि परतीचा कागद तुमच्या नावावर अडकतो. नोकरी सोडायची वेळ आली की प्रत्येक कृषी केंद्रवाल्याकडून 'येणं-देणं बरोबर' अशी सही आणल्याशिवाय शेवटचा पगार निघत नाही. माझ्या ओळखीतल्या कित्येक मुलांचे पैसे असे महिनोन्महिने अडकले आहेत.

आणखी एक गोष्ट आकड्यात येत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा गावागावांत आम्हा सरकारी माणसांनाही जाब विचारला गेला आणि कंपनीच्या पोरांनाही. फरक असा, की मला दुसऱ्या दिवशी त्या गावात मास्क, हातमोजे आणि फवारणीच्या सूचना घेऊन जायचं होतं. त्या पोरांना त्याच गावात टार्गेट घेऊन जायचं होतं. त्यांच्यातले बहुतेक भले होते, शेतकऱ्यांचीच मुलं. तुम्हाला विकताना 'काका, याची गरज नाही' असं म्हणता येईल का, आणि म्हटल्यावर महिनाअखेर साहेबासमोर उभं राहता येईल का, याचा विचार करून ठेवा.

कंपनीच्या बाजूनेही मोकळेपणाने बोलतो. ज्याला बोलणं जमतं, बाजार कळतो, त्याची तिथे चार-पाच वर्षांत टेरिटरी मॅनेजरपर्यंत मजल जाते, आणि कंपनी बदलली की पगार एकदम २५-३० टक्क्यांनी वाढलेला मी पाहिलाय. आमच्याकडे पर्यवेक्षक व्हायला कितीतरी वर्षं जातात. पुढे स्वतःचं कृषी केंद्र टाकायचं मनात असेल तर कंपनीसारखी शाळा नाही: कोणता दुकानदार उधारीत बुडतो आणि कोणता का टिकतो, ते तिथेच समजतं. आणि निवड झालेली नसती, नुसती तयारी चालू असती, तर मी तुम्हाला आज कंपनीत जा म्हटलं असतं. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ आहे. रिकामं बसून पुण्यात खोली भाड्याने घेण्यापेक्षा कमावत अभ्यास केलेला बरा.

पण तुमची निवड झाली आहे, आणि निवडयादी कोणासाठी थांबत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कृषी सेवक म्हणून रुजू व्हा. फक्त एक गाठ आधी सोडवा, ती सावकाराची.

एक लाखावर महिना तीन टक्के म्हणजे ३,००० व्याज, वर्षाला ३६ हजार. तुमच्या उरणाऱ्या सात हजारांतले तीन तिथेच जातील आणि मुद्दल जागचं हलणार नाही. मित्रांचं म्हणणं खरं ठरलं तर ते या व्याजामुळे ठरेल. घरात आईचं थोडं सोनं असेल तर बँकेत सोनेतारण करून सावकार आधी मोकळा करा. बँकेचं व्याज वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महिन्याला आठ-नऊशे. म्हणजे दरमहा दोन हजार वाचले आणि त्यातून मुद्दल फिटायला लागेल. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरून नवं उचला. तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते बिनव्याजी पडतं. थकवलं तर ती सवलत जाते. मानधनावर असताना मोठं वैयक्तिक कर्ज घेऊ नका, आणि नियमित झाल्यावर पतसंस्था दारात उभ्या राहतील तेव्हाही हात आखडता ठेवा.

सोनं नसेल, कुठूनच सोय होत नसेल, आणि घरात बहिणीचं लग्न किंवा कोणाचं आजारपण उभं असेल, तर चित्र बदलतं. तेव्हा कंपनीचे साडेतेरा हजार घराला जास्त गरजेचे असू शकतात. ते मला इथून दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

रुजू होण्याबद्दल. पहिलं मानधन लगेच येईल असं धरू नका. वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, जात वैधता, सेवार्थ या सरकारी पगाराच्या प्रणालीत नाव चढणं, यात दोन-तीन महिने सहज जातात, आणि मानधनाचं अनुदान आलं नाही तर नंतरही मधे अडकतं. तेवढ्या खर्चाची सोय करून निघा. विभागाची भरती आहे, म्हणजे नेमणूक यवतमाळातच मिळेल असं नाही. बुलढाणा, वाशिम, मेळघाटातलं धारणी, काहीही येऊ शकतं. धारणी आलं म्हणून नाकारू नका. नियमित झाल्यावर आदिवासी क्षेत्रात एकस्तर वेतनाचा, म्हणजे एक पायरी वरच्या वेतनाचा लाभ मिळतो, खोली स्वस्त असते, आणि तिथे शिकायला मिळतं ते इथे मिळत नाही.

इथे वाचणाऱ्या मुलींसाठी दोन वाक्यं, कारण त्या विचारतील. सरकारीत १८० दिवसांची प्रसूती रजा आणि शिवाय बालसंगोपन रजा मिळते. खासगीतही कायद्याने २६ आठवडे आहेत, पण लहान कंपन्यांत फिरतीच्या पदावर ती मागणाऱ्या मुलीला परत आल्यावर दूरचा पट्टा दिलेला मी पाहिला आहे.

आणि ज्यांना 'सरकारी काम' म्हणून एखाद्या एजन्सीचं पत्र आलंय, त्यांनी नेमणूक करणारा कोण ते पत्राच्या खालच्या सहीत पाहावं. एजन्सीची सही असेल तर ती सरकारी कचेरीत बसून केलेली खासगी नोकरी आहे, वरचा चौथ्या वर्षाचा हिशेब तिला लागू नाही.

तुम्ही मात्र एवढं करा: कंपनीला आज नकार कळवू नका. त्यांच्याकडे रुजू व्हायला पंधरा दिवसांची मुदत लेखी मागा. मूळ मार्कशीट किंवा कोरा चेक मागत असतील तर देऊ नका, आणि तसं मागणाऱ्या कंपनीत सरकारी नसतं तरी जाऊ नका. त्या पंधरा दिवसांत सोनेतारणाचं बँकेत विचारून या, विभागीय कृषी सहसंचालकांच्या कार्यालयात जाऊन नेमणुकीचं ठिकाण आणि रुजू होण्याची शेवटची तारीख पाहून या. ठिकाण कळलं की इथे लिहा. त्या तालुक्यात आमच्यापैकी कोणी ना कोणी असेलच, खोली आणि मेस पाहून देतो.